सुट्टी, सुटी आणि खाडा

एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले, त्याच्या पहिल्याच पंधरवड्यात माझा एक 'ट' कापला गेला. चौदा ऑगस्टची संध्याकाळ होती. पहिल्या पानावर तळाशी एक चौकट जायची होती, दरवर्षी जाते तीच. स्वातंत्र्यदिनानिमित्त उद्या कार्यालयाला सुट्टी असल्याने परवाचा अंक निघणार नाही, अशी. मी प्रूफ वाचून सही केली आणि आमच्या खात्याच्या प्रमुखांपुढे ठेवलं. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी चष्मा वर केला, लाल पेनानं एक उभी रेघ मारली आणि म्हणाले, "बाई, सुटी. एक ट खायचा. छुट्टी हिंदीत. आपण सुटतो."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेलं असल्यामुळे अंगात वारं होतं. नानांशी वाद घातला नाही, पण पुढची बरीच वर्षं मनातल्या मनात घालत राहिले. मराठीतल्या वृत्तपत्रांत आजही काहींची सुटी आहे आणि काहींची सुट्टी. शाळेच्या सूचनाफलकावर एक, शासनाच्या पत्रकात दुसरी, आणि पोरांच्या तोंडी कायम तिसरीच, ज्यात 'ट' दोनही नसतात, चार असतात. हा लेख त्या वादापासून सुरू होतो, पण तिथे थांबवण्यात मला आता रस उरलेला नाही. एका 'ट'साठी इतकी वर्षं भांडताना त्याच घरातला एक शब्द माझ्या नजरेतून सुटला, त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी नानांचं म्हणणं. ते व्याकरणानं बरोबरच होतं. 'सुटणे' हे क्रियापद प्राकृतातल्या 'छुट्टइ'चं मराठी रूप. हिंदी-गुजरातीत 'छ' जिथे टिकला तिथे मराठीत त्याचा 'स' झाला. हिंदीत छुरी, आपल्याकडे सुरी. छह आणि सहा, छोडना आणि सोडणे, मछली आणि मासळी, पूछना आणि जुन्या मराठीतलं पुसणे. पुढे इकार असला की 'स'चा 'श' होतो, म्हणून छींकचं शिंक. छाती, छप्पर असे काही शब्द या नियमाला न जुमानता बसलेले आहेत, पण नियम मोडावा इतके ते नाहीत. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं १९२०च्या सुमारास मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे सगळं उलगडलेलं आहे. वा. गो. परांजप्यांनी त्याचं मराठी भाषांतर केलं, त्यामुळे फ्रेंच न येणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय झाली.

दुसरा नियम जोडाक्षरांचा. प्राकृतातलं दुहेरी व्यंजन मराठीत एकेरी होतं. हत्थचा हात, सत्तचे सात, दुद्धचं दूध. त्या हिशेबानं 'छुट्ट'चं 'सुट' होणार आणि त्याची 'सुटी'. 'सुट्टी'तला दुसरा 'ट' हा शेजारच्या छुट्टीच्या संगतीनं आलेला पाहुणा, असं नानांना म्हणायचं होतं. मराठीत असं होतं हे खरं आहे. आंबा पिकतो, तो आपला शब्द. निर्णय पक्का होतो, तो हिंदीकडून आलेला. मूळ एकच.

पण नानांना मी तेव्हाच विचारायला हवं होतं की कार्यालयाखालच्या थांब्यावर कंडक्टर काय मागतो. तो 'सुट्टे' मागतो. मोटारीचे मात्र 'सुटे' भाग असतात, त्यांना कुणी सुट्टे म्हणत नाही. म्हणजे मराठीनं दोन्ही रूपं ठेवून घेतली आणि त्यांना कामं वाटून दिली. सुट्टी-सुटीचंही थोडं तसंच. सुटी छापायची, सुट्टी बोलायची. साडेपाचच्या घंटेनंतर फाटकातून बाहेर पडणाऱ्या दोनशे मुलांनी एका 'ट'वर भागवावं ही अपेक्षा कुठल्याच शुद्धलेखनाच्या नियमानं करू नये. नाना गेले, त्यांची लाल रेघ गेली, संगणक आले. दुसरा 'ट' आहे तिथेच आहे. मीही या लेखात सुट्टीच लिहिणार आहे.

तर शब्दाचं मूळ असं स्वच्छ आहे. यात गूढ काही नाही. गडबड होते ती पुढे, मुळावरून अर्थ काढायला बसलं की.

नव्वदच्या दशकात मी रविवारच्या पुरवणीत शब्दांवर एक सदर लिहीत असे. त्यात एकदा सुट्टीवर लिहिलं. इंग्रजीतला हॉलिडे म्हणजे मुळात पवित्र दिवस, देवाचा दिवस. अरबीतून आलेली रजा म्हणजे वरच्याची मर्जी. आणि आपली सुट्टी पाहा, ती थेट सुटण्यातून आलेली, मोकळं होण्यातून. बघा आपली भाषा किती स्वतंत्र बाण्याची, असा त्या लेखाचा सूर होता. वाचकांची पत्रं आली. पुढे काही वर्षांनी तो मजकूर, माझं नाव गाळून, मला माझ्याच मोबाइलवर तीन वेगवेगळ्या गटांतून आला. अजूनही दर एक मेला येतो.

तो मजकूर चुकीचा आहे. एकेक शब्दाचं मूळ जवळजवळ बरोबर दिलेलं आहे आणि तरी चुकीचा आहे.

'सुटणे' म्हणजे मोकळं होणं हे मी तेव्हा गृहीत धरलं. पण मराठीत काय काय सुटतं ते पाहू. गाडी सुटते, आणि ज्याची सुटते तो फलाटावर राहतो. वारा सुटतो, वास सुटतो, तोंडाला पाणी सुटतं. चाळिशीनंतर पोट सुटतं. गणित सुटतं. दुकानदार कापडावर सूट देतो. हातातला कप सुटतो. धीर सुटतो, तोल सुटतो. दारू सुटली तर आनंद आणि नोकरी सुटली तर आकांत. शेतावर औत सुटतं, म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू खाली येतं. 'औतं सुटायच्या वेळेला आलो' असं म्हणणारा माणूस घड्याळाशिवाय वेळ सांगत असतो. या सगळ्यांत सामाईक एवढंच आहे की कशाची तरी पकड होती आणि आता नाही. पुढे बरं झालं की वाईट, हे क्रियापद सांगत नाही. शिवाय ते अकर्मक आहे. सोडणारा कोण, हेही सांगत नाही. सोडणे म्हटलं की कुणीतरी सोडणारा आला. सुटणे म्हटलं की ते आपोआप घडल्यासारखं होतं.

'शाळा सुटली' या दोन शब्दांत तर हे फार स्वच्छ दिसतं. माझ्या तोंडी त्याचा अर्थ साडेपाच वाजले असा होता. माझ्या आईच्या तोंडी तेच दोन शब्द असे येत: "माझी शाळा चौथीत सुटली." ती सुटली याचं कारण धाकटा भाऊ सांभाळायला घरी कुणी नव्हतं. शाळा तिनं सोडली नाही, आजोबांनी सोडवली असंही ती कधी म्हणाली नाही. सुटली.

रजेचंही तसंच. अरबीतला 'रिज़ा' म्हणजे संतोष, संमती. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि रजा झाला. परवानगी हा त्याचा जुना अर्थ; 'आता आपली रजा घेतो' असं म्हणत सभेतून उठणारे वक्ते अजून आहेत, त्यांच्या बोलण्यात तो शिल्लक आहे. याच मुळाचे राजी आणि नाराज. आणि राजीनामाही. राजीनामा म्हणजे खरं तर संमतीचा कागद. मुंबई इलाख्यात रयतवारी आली तेव्हा जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत. जमीन सोडण्याचा कागद, मग पद सोडण्याचा कागद. आज जो माणूस संतापून, टेबलावर हात आपटून राजीनामा देतो, त्याला सांगून पाहा की तुम्ही मुळाप्रमाणे आत्ता राजी आहात! शब्द कुठून निघाला हे कळलं म्हणजे तो कुठे पोचला हे कळत नाही. इतकं साधं तत्त्व मी वर्गात शिकले होते आणि सदर लिहिताना सोयीस्करपणे विसरले होते.

मग अर्थ कुठे शोधायचा? माझ्या मते, शब्द कुणाच्या सोबतीनं वावरतो तिथे. सुट्टी कशी वागते ते बघू. सुट्टी असते, मिळते, जाहीर होते. आणि सुट्टी लागते. सुटण्यातून आलेली गोष्ट लागते, हा मराठीचा खास विनोद. सुट्टीला महिने असतात, सण असतात: मे महिन्याची, दिवाळीची, मधली. ती सगळ्यांना एकदम असते. म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, सार्वजनिक रजा नसते. रजा एकट्यादुकट्याची. ती मागावी लागते, टाकावी लागते, मंजूर होते किंवा नामंजूर होते, शिल्लक राहते, साठते, बुडते. ती किरकोळ असते, अर्जित असते, अर्धवेतनी असते, प्रसूतीची असते. एकूण रजा हे एक खातं आहे, बँकेतल्यासारखं.

बँकेवरून आठवलं. महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी काढतं, ती कशाखाली काढतं हे वाचून मी पहिल्यांदा दचकले होते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. हा हुंड्यांचा, वचनचिठ्ठ्यांचा आणि धनादेशांचा कायदा. हुंडीची मुदत नेमकी सुट्टीच्या दिवशी भरली तर काय करायचं, यासाठी सुट्टी म्हणजे कोणते दिवस ते कुठेतरी लिहून ठेवणं भाग होतं. म्हणजे गुढीपाडवा आणि महाराष्ट्र दिन आपल्याला कागदोपत्री सावकारीच्या सोयीतून मिळतात. स्वतंत्र बाण्याचा लेख लिहिताना हेही मला माहीत नव्हतं.

रविवारची गोष्ट मात्र वेगळी, कारण ती कुणी तरी मागून घेतलेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आठवड्याची म्हणून ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१च्या फॅक्टरी कायद्यानं महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त बालकामगारांना. नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक, यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणून सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्या वेळी पुढे केलं गेलं असं सांगतात. ते कितपत मनापासून होतं आणि कितपत मालकांना बोलायला जागा उरू नये म्हणून, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. मला त्यात एवढंच दिसतं की इंग्रजांचा हॉलिडे आणि आपला वार यांचा सांधा एका कामगार पुढाऱ्यानं आपल्या लोकांसाठी वापरून घेतला. सुट्टी इथे आपोआप सुटली नाही. सोडवून घ्यावी लागली.

आता तो तिसरा शब्द. खाडा.

खाडा म्हणजे चालू ओळीत पडलेली मोकळी जागा. रियाजात खाडा नको, असं गवई शिष्याला सांगतात. तालमीला खाडा नको, वारीत खाडा पडला नाही. हा त्याचा प्रतिष्ठित वापर. त्यात मोजणारा आणि मोजला जाणारा माणूस एकच असतो. दुसरा वापर कामावरचा. गिरणीतला खाडा, गवंडीकामावरचा खाडा, दूधवाल्याचा खाडा, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा. इथे मोजणारा वेगळा.

सोबतीची कसोटी इथेही लावू. खाडा होतो, पडतो, केला जातो, धरला जातो, कापला जातो. खाडा मिळत नाही. मंजूर होत नाही. जाहीर होत नाही. हक्काचा खाडा असं आपण म्हणत नाही, पगारी खाडा म्हटलं तर ऐकणारा हसेल. सुट्टीच्या शुभेच्छा देतात. खाड्याच्या दिल्या तर भांडण होईल. दिवस तोच, काम न केल्याचाच. पण सुट्टी आणि रजा हे शब्द न केलेल्या कामाकडे काम करणाऱ्याच्या बाजूनं बघतात आणि खाडा त्याच गोष्टीकडे काम करून घेणाऱ्याच्या बाजूनं. जो कामावर आला नाही त्याचा दिवस कसा गेला, तापात की लग्नात की नुसता झोपण्यात, याच्याशी खाड्याला कर्तव्य नाही. त्याला ओळीतलं भोक दिसतं. गिरणगावात तर या भोकावर दुसऱ्याचं पोट चाले. बदली कामगार पाळीच्या वेळेला दारात उभा राहायचा, आत कुणाचा खाडा पडला असेल तर त्या दिवशी त्याला काम.

गिरणीवरून आणखी एक सांगते, मग आपल्या मुद्द्याकडे येते. मालकानं कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याला कुलूप लावलं की त्याला टाळेबंदी म्हणत. २०२०च्या मार्चमध्ये आमच्यापैकी अनेक वृत्तपत्रांनी लॉकडाऊनला तोच शब्द दिला. मला तेव्हा तो खटकला होता, इतके दिवस मालकांकडे असलेला शब्द सरकारकडे गेला म्हणून. पण त्या काळात सोसायट्यांच्या फाटकांवर घरकामाच्या बायांना अडवलं गेलं आणि पुष्कळ घरांत त्या महिन्यांचे खाडे धरले गेले, तेव्हा शब्द चपखल बसला असं वाटलं.

माझी आई पुण्यात पेठेतल्या तीन घरी पोळ्या करायची. सकाळी साडेसहाला निघायची, साडेअकराला परत. तीन घरांपैकी एका घरच्या वहिनी हिशेबाला फार चोख आणि माणूस म्हणून फार चांगल्या. मला पुस्तकं त्यांनी दिली, एम.ए.ची फी एकदा त्यांनी भरली. त्यांच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं. आई मला कधी सोबत नेई, तेव्हा ओट्याखाली बसून मी ते वाचत असे. अक्षरओळख झाल्यावर मी पहिल्यांदा सलग वाचलेला मजकूर तोच असावा. चौकोनात तारीख, तिथी, आणि सुट्टी असेल तर सगळं तांबड्यात. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात वहिनींचं पेन्सिलीतलं अक्षर. 'दूध १ ली.' 'गॅस लावला.' 'खा'. खा म्हणजे आई आली नाही. एकाच चौकोनात तांबडी सुट्टी आणि पेन्सिलीतला खाडा असा योग दिवाळीत एकदोनदा यायचा, कारण सुट्टीच्या दिवशी वहिनींच्या घरी माणसं जास्त आणि पोळ्या दुप्पट. त्या दिवशीचा खाडा सगळ्यात महाग.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ होतीच, पण पगारी सुट्टी ही त्यांच्या मागण्यांतली एक मोठी मागणी. मी सोळा वर्षांची होते. आमच्या वाड्यातल्या चार बायका मोर्च्याला गेल्या. आई गेली नाही. "मी काही भांडी घासत नाही," म्हणाली. हे वाक्य मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. पोळ्या लाटणारी आणि भांडी घासणारी यांच्यात जी रेघ होती ती जातीची होती, आणि आई ती रेघ धरून बसली होती, कारण तिच्याकडे धरायला दुसरं फारसं काही नव्हतं. संपाच्या दिवसांत ती रोज वेळेवर कामावर गेली.

पण संपाचा फायदा तिलाही झाला. पुढे काही महिन्यांनी वहिनींनी आपणहून सांगितलं की महिन्यातले दोन दिवस कापणार नाही. कॅलेंडरवर मात्र 'खा' लिहायचं थांबलं नाही. न कापायच्या 'खा'भोवती वहिनी एक गोल काढू लागल्या. महिनाअखेर गोलाबाहेरचे तेवढे मोजायचे. आई त्याला 'गोलातला खाडा' म्हणायची. "उद्या गोलातला खाडा करते वहिनी, हिच्या शाळेत जायचंय." सुट्टी हा शब्द तिनं स्वतःच्या दिवसासाठी वापरलेला मला आठवत नाही. सुट्टी मला असायची, शाळेला असायची, वहिनींच्या यजमानांना बँकेत असायची. तिच्याकडे ती गोष्ट पोचली, शब्द पोचला नाही.

माझ्या सुट्टीबद्दलही एक कबुली द्यायची आहे. मराठी ललितलेखनात सुट्टी म्हणजे काय, हे दिवाळी अंक चाळणाऱ्याला सांगायला नको. मे महिना, आजोळ, एस.टी., फणस, विहीर, ओसरीवरचे पत्ते, पंगतीला आमरस. या वळणाचे इतके लेख आपल्याकडे आहेत की त्यांची एक वेगळी कोठीच भरेल. त्यात आमरस सगळे खातात, तो काढणारी दिसते ती कौतुकापुरती, हातावर ओघळ घेऊन हसणारी. मीही असा एक लेख लिहिलेला आहे. देवरुखजवळच्या मामाच्या घरी काढलेल्या उन्हाळ्यांवर होता, बरा जमला होता, एका निवडक संग्रहात गेला. त्यात मी लिहिलं आहे की आई आम्हाला मामाकडे पोचवून परत जायची. का परत जायची, ते लिहिलेलं नाही. मे महिन्यात लग्नसराई. आई कार्यालयांत पोळ्यांना जायची, पहाटे चारपासून, पुरणपोळ्या शेकड्यानं. वर्षभरात तिच्या हातात दोन पैसे बरे यायचे ते त्याच महिन्यात. आमची सुट्टी हा तिचा हंगाम होता. आम्ही घरात नको असायचो. लेख लिहिताना हे मला माहीत होतं. पण सुट्टीवरच्या लेखात ते कुठे बसवायचं हे कळलं नाही. लेखाचा साचाच असा होता की त्याला त्या माहितीसाठी खाच नव्हती. आज तो लेख वाचताना मला चांगली वाक्यं दिसतात आणि एक खाडा दिसतो.

शब्दकोशांबद्दलही माझी तक्रार आहे, पण ती मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्याविरुद्ध नाही. त्यांनी आपल्या काळाचे अर्थ गोळा केले. तक्रार आमच्याबद्दल, शब्दांवर सदरं लिहिणाऱ्यांबद्दल आहे. आम्हाला मुळांचं वेड. अरबी, फारसी, पोर्तुगीज, कानडी असं मूळ सापडलं की आमचा लेख झाला. सुट्टीवर मी लिहिलं कारण तिचं मूळ चमकदार आहे. खाड्यावर लिहिलं नाही, कारण तो शब्द मला शब्द वाटलाच नव्हता, तो घरातला होता. भाषेचा अभ्यास केलेल्या बाईला आपल्याच घरातल्या सगळ्यात जास्त वेळा उच्चारल्या गेलेल्या शब्दाची चौकशी करावीशी वाटायला पन्नाशी उलटावी लागली.

आई २००९ साली गेली. शेवटचे सात महिने अंथरुणात होती. मावशी आली, तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "सुटली गं बाई." मग शेजारच्या काकू म्हणाल्या, मग वहिनी, काठी टेकत जिना चढून आलेल्या, त्याही तेच म्हणाल्या. मला राग आला होता. कशातून सुटली, कुणी सोडली, असं काहीतरी बोलणार होते. बोलले नाही. मराठीत अशा वेळी दुसरं काय म्हणतात? तेव्हा ऐकताना ते क्रियापद बरोबर वाटलं नव्हतं आणि आजही पुरतं वाटत नाही. पण त्या तिघींपैकी कुणाला मुक्तीबिक्ती म्हणायचं नव्हतं, एवढं मला आता कळतं. पकड होती, ती राहिली नाही, इतकंच त्या सांगत होत्या.

आता माझ्याकडे ज्या ताई येतात त्यांचं आणि माझं ठरलं आहे: महिन्याला चार सुट्ट्या, पगारी. माझ्या फ्रिजवरच्या कॅलेंडरावर मी 'खा' लिहीत नाही, 'सु' लिहिते. मला त्याचा थोडा अभिमान होता. मागच्या शनिवारी निघताना त्या म्हणाल्या, "ताई, उद्या खाडा करते, नणंदेकडे बारसं आहे."

"खाडा कशाला म्हणता? सुट्टी घ्या की," मी म्हटलं.

"नको नको, सुट्टी नका धरू," त्या चपला घालता घालता म्हणाल्या. "चारही साठवून मला पुढच्या महिन्यात गावाला जायचंय. उद्याचा खाडाच धरा. कापा पैसे."